फॅट कमी, तर दूध निःसत्त्व?

प्रश्न : घरी दोन संकरित गाई आहेत. दूध सगळं संकलन केंद्रावर जातं. फॅट 3.4 च्या वर सरकत नाही. असलं पातळ दूध चार वर्षांच्या नातीला काय अंगी लागणार? म्हणून तिला डब्यातली पावडर आणतो. बरोबर ना?
– एक आजी, ता. पारनेर

उत्तर : आजी, केंद्रावरच्या पावतीत दोन आकडे असतात. गाईच्या दुधाचा दर साधारण 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. फॅट म्हणजे लोणी; प्रथिनं आणि कॅल्शियम मोजले जातात दुसऱ्या आकड्यात. तो ठीक असेल, तर पावडरीची गरज नाही. लोणी काढलेल्या ताकातही हे दोन्ही बरंचसं उरतं.

किटली निघण्याआधी नातीसाठी पाव-अर्धा लिटर काढून ठेवा, पण सगळं दूध ढवळून मगच. शेवटच्या धारा सर्वांत दाट; त्याच घरी राहिल्या तर फॅट आणखी घसरतं आणि केंद्रावर उगाच हुज्जत!

दूध उकळूनच द्या. कासदाहावर प्रतिजैविकं चालू असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध घरीही नको, केंद्रावरही नको. अर्ध्या लिटरच्या वरही देऊ नका : दुधात लोह नगण्य, आणि पोट भरलं की पोर भाकरी-भाजीला शिवत नाही. वर्षाखालच्या बाळाला तर आईचंच दूध मुख्य.

फॅटसाठी वैरण पाहा. नुसत्या उसाच्या वाढ्यावर गाय ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट तिचं कॅल्शियम अडवतं. कडबा, लसूणघास आणि खनिज मिश्रण जोडीला द्या.