गाऊन उतरल्यावरचा वकील

भाचा फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये टीव्हीसाठीचं लेखन शिकतो. आत्याने शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं फौजदारी वकिली केली आहे. त्याला कोर्टाची मालिका लिहायची आहे आणि नायकापाशी घोडं अडलं आहे.

भाचा : आत्या, माझा नायक पहिल्या भागात जसा आहे तसाच दहाव्या भागातही आहे. हुशार, तडफदार. नुसते खटले बदलतायत. चुकतंय कुठे?

आत्या : कोर्ट सोडून तो आणखी कुठे दिसतो?

भाचा : ऑफिसात. फाईल वाचताना.

आत्या : मग त्याच्यात बदल दिसणार कसा? कोर्टात प्रत्येकाची जागा नेमून दिलेली असते. सरतपासणीत काय विचारायचं, उलटतपासणीत किती ताणायचं, आरोपीने कधी बोलायचं, सगळं कायद्याने बांधलेलं. वकील तिथे अशिलाची बाजू मांडतो, स्वतःचं मत नाही. माणूस झाकणारी जागा आहे ती! तू नायकाला सारखा तिथेच उभा करतोस आणि वर म्हणतोस, तो वाढत नाही. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ पाहिलास ना?

भाचा : पाहिला. 2014 साली व्हेनिसला गाजला आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आत्या : पुरस्कार राहू देत, सरकारी वकीलबाई आठव. गीतांजली कुलकर्णीने केलेली नूतन. शाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. ही बाई कोर्टात एकसुरात कलमं वाचत जाते. राग नाही, द्वेष नाही. आपल्याला वाटतं, काय दगड आहे! मग कॅमेरा तिच्या मागोमाग निघतो. लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल गप्पा, मुलाला घेऊन घर, घरी पोचल्या पोचल्या स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब नाटकाला जातं आणि त्या नाटकात परप्रांतीयांना हिणवलं की सभागृह हसतं.

भाचा : पण ती बदलते कुठे? शेवटीही तशीच आहे.

आत्या : ती तशीच राहते. तिच्याबद्दलचं आपलं मत मात्र ढवळून निघतं. आधी ती निर्दय वाटते, मग दमलेली वाटते, मग तिचीही कीव येते आणि तरीही ती करतेय ते भयंकर आहे हे सुटत नाही. पात्राचा विकास म्हणजे दर वेळी पात्राने सुधारलंच पाहिजे असं थोडंच आहे? त्या न्यायाधीश सदावर्त्यांचं बघ. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण ते ऐकून घेत नाहीत. तेच गृहस्थ सुट्टीत सहलीला गेल्यावर, नातेवाइकाच्या मुलाला बोलता येत नाही म्हणून नाव बदलायचा आणि खड्याची अंगठी घालायचा सल्ला देतात. ज्याच्या हातात निकाल आहे तो माणूस कशावर विश्वास ठेवतो, हे कोर्टात कधीच कळलं नसतं.

भाचा : तो दोन तासांचा सिनेमा, आत्या. आमची मालिका आठवड्यातून सहा दिवस. प्रेक्षक दोन भाग चुकवून तिसऱ्याला येतो. पात्र फार बदललं तर त्याला ओळखूच येणार नाही.

आत्या : अडचण खरी आहे. म्हणून रोजच्या मालिकेत बदल नात्यांमधून आणावा लागतो. ‘ठरलं तर मग’ घे. 5 डिसेंबर 2022 पासून स्टार प्रवाहवर आहे, मूळ ‘रोजा’ या तमिळ मालिकेचं. अर्जुन सुभेदार वकील. सायलीला आश्रमात वाढवणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपाखाली अडकलेत आणि त्यांना सोडवण्यासाठी ती अर्जुनशी कराराचं लग्न करते. पाया भक्कम आहे बघ! लग्नाकडेही कागद म्हणून बघणारा वकील हळूहळू त्या बाईत गुंततो, आणि मग आरोपी त्याचा नुसता अशील उरत नाही, सासऱ्याच्या जागचा माणूस होतो. जवळच्या माणसाचा खटला चालवताना वकिलाची नजर गढूळ होते, हे मी कित्येक वर्षं पाहिलंय. त्या गढूळपणात खरं नाट्य आहे.

भाचा : आणि ऐन वेळी सापडणारा पुरावा?

आत्या : त्यानेच पात्रं मारली जातात! आरोपपत्राच्या, जबाबांच्या प्रती आरोपीला आधी द्याव्याच लागतात, साक्षीदारांची यादीही. दार ढकलून धावत येणारा साक्षीदार क्वचितच कुणी पाहिला असेल. पेन ड्राइव्हने खटला फिरला तर नायकाला काही ठरवावंच लागत नाही. आणि ठरवावं लागलं नाही तर तो बदलेल कशाने?

भाचा : म्हणजे कोर्टातले प्रसंग कमी करू?

आत्या : कमी कशाला? नेमकी फट शोध. साक्ष नोंदवतात कशी, ते पाहिलंयस? साक्षीदार बाई म्हणते, ‘साहेब, पोरगं तापाने फणफणलेलं, मला काही सुचतच नव्हतं हो.’ न्यायाधीश लघुलेखकाला सांगतात, ‘घटनेच्या दिवशी माझा मुलगा आजारी होता.’ चूक काहीच नाही. पण ‘सुचत नव्हतं’ गळालं, ‘हो’ गळाला. तो टाइप केलेला कागद ती बाई सहीसाठी हातात घेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेव.

भाचा : हे लिहून घेतो. आरोपीचं काय? तो बिचारा गप्पच असतो.

आत्या : सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीशी थेट बोलतात. पूर्वीचं कलम 313, आता 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेचं 351. शपथ नाही, उलटतपासणी नाही. ‘तुमच्याविरुद्ध असा पुरावा आला आहे, काय म्हणणं आहे?’ बहुतेक जण ‘खोटं आहे’ एवढंच म्हणतात, कारण वकिलाने तसं शिकवलेलं असतं. मालिकांमधून हा प्रसंग जवळजवळ गायबच आहे, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये या जागेची ताकद ओळखली होती. खेळ म्हणून सुरू झालेला खटला, वकिली न चाललेले सुखात्मे त्यात हळूहळू खरेखुरे वकील व्हायला लागतात, आणि पहिल्या अंकात सगळ्यांची टर उडवणारी बेणारे गप्प गप्प होत जाते. शेवटी ती बोलते तेव्हा भोवतीचे सगळे गोठलेले. तिचं बोलणं प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. एकाच खटल्यात दोन माणसं उलट दिशांनी बदलली. सुखात्म्यांना भूमिका फुगवते, बेणारेला भूमिका चिरडते.

भाचा : माझा नायक मात्र वकील आहे. त्याला चिरडू कशाने?

आत्या : त्याच्या अशिलाने त्याला खरं सांगू दे. ‘हो, मीच केलं.’ अशिलाने सांगितलेलं वकिलाला उघड करता येत नाही. त्याला बचाव करायचाय, पण ज्याच्यावर खोटा आळ येतोय तो निरपराध माणूसही रोज व्हरांड्यात दिसतोय. दहा भाग त्या व्हरांड्यावर काढ. ‘बेटर कॉल सॉल’ने सहा पर्वं एका वकिलाला लबाडीतच मुरवलं. शेवटच्या भागात सौदेबाजी करून त्याने शिक्षा सात वर्षांवर आणलेली असते. आणि तोच कोर्टात उभा राहून खरं सांगतो, स्वतःचं मूळ नाव परत घेतो आणि 86 वर्षं पदरात पाडून घेतो. वकील म्हणून याहून वाईट युक्तिवाद नाही!

भाचा : आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो.

आत्या : कारण सहा पर्वं त्याला कोर्टाबाहेर पाहिलेलं असतं. तू एक कर. सत्र न्यायालयातली सुनावणी साधारणपणे खुली असते, कुणालाही मागे बसता येतं. सोमवारी शिवाजीनगरला जा. युक्तिवाद नंतर ऐक. तारीख पडल्यावर वकील अशिलाच्या बायकोला काय सांगतो आणि सांगताना कुठे बघतो, ते आधी टिपून आण. मग तुझा अकरावा भाग एकत्र बसून लिहू.