आधी तिच्याजवळ बस

अगं, परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून राहिलेलं लिहून पाठवतेय. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत जाऊन तू रोहिंग्या आयांसाठी आणि त्यांच्या लहानग्यांसाठी मानसिक आरोग्याचं काम करणार, याचा मला फार आनंद झालाय. पण तू म्हणालीस ना, "ताई, आधी प्रत्येकीची कहाणी नीट लिहून घेणार," तिथे माझं मन अडकलं. तेवढं करू नकोस गं.

ऑगस्ट 2017 पासून म्यानमारच्या राखाइनमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसं बांगलादेशात आली. डोळ्यांदेखत गाव जळताना पाहिलेल्या बायका आहेत त्यांत. पत्रकार, अधिकारी, संस्थांची माणसं, सगळ्यांचं विचारून झालंय. एकदा सगळं बोलून टाकलं की मन हलकं होतं, असं आपण धरून चालतो. पण संकटातून आलेल्याला समोर बसवून सगळं वदवून घेतल्याने उपयोग होत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. समोरची आई आपणहून बोलली तर मन लावून ऐक. गप्प राहिली तर तूही शेजारी गप्प बस. आणि बाळाचा बाप कुठे, हे तर कधीच विचारू नकोस. 2018 मध्ये त्या छावण्यांत जन्मलेल्या काही मुलांमागे म्यानमारच्या सैनिकांनी केलेले बलात्कार आहेत.

मग विचारायचं काय? आजचं विचार. कुतुपालोंगच्या छावणीत टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना चिकटून आहेत. पावसाळ्यात दरड कोसळते, उन्हाळ्यात आग लागते. मार्च 2021 मध्ये तर हजारो झोपड्या जळाल्या. ती म्हणाली, रात्री झोप लागत नाही, तर लगेच जुन्या आठवणींकडे धावू नकोस. दार आतून लागतं का? संडासाच्या वाटेवर दिवा आहे का? अंधारात जायची भीती म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नसेल, आणि अंगावर पाजणारी असेल तर बघ काय होत असेल. अशा वेळी वाटेवर दिवा लागावा म्हणून छावणीच्या कचेरीत खेटे घालणं हेही तुझंच काम आहे, मानसिक आरोग्याचंच. ते बाजूचं किंवा हलकं काम समजू नकोस. घडून गेलेलं तू पुसू शकत नाहीस, पण रोज नव्याने घडणारं थोडं तरी थांबवू शकतेस.

आता बाळाचं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातला प्रयोग तुम्हाला शिकवला असेल. आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवला की बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवतं. दुःखाने बधिर झालेल्या आईचा चेहरा दिवसच्या दिवस तसा राहू शकतो. पण म्हणून तिला "बाळाशी बोलत जा, बाळाशी खेळत जा" असं ऐकवत बसू नकोस. तिच्या अपराधीपणात भर पडेल, दुसरं काही होणार नाही. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना न्हाऊ-माखू घालायला, तिच्या हाती आयतं ताट द्यायला माणसं असतात. तिची माणसं वाटेत हरवलीत. तिला आधी कुणीतरी सांभाळायला हवं, तेव्हा तिचा हात बाळाकडे जाईल.

आणि हे करायला मोठ्या पदव्याच लागतात असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत संशोधक आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून तयार केलं. त्या घरी जायच्या, बाळाच्या तब्येतीवरून बोलणं काढायच्या, म्हणजे सासूही आड येत नसे. मग हळूहळू आईचं खाणंपिणं, तिच्या मनात घोळणारे विचार, तिला घरात कुणाचा आधार आहे, तिथवर पोचायच्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या आयांपैकी शंभरात 23 जणींना नैराश्य होतं; ज्यांच्याकडे हे न शिकलेल्या सेविका तितक्याच वेळा जात होत्या, त्यांच्यात 53. हे 2008 मध्ये छापून आलं. मला तो अभ्यास फार जवळचा वाटतो.

कॉक्स बाजारमध्ये 'ब्रॅक' या बांगलादेशी संस्थेची खेळघरं आहेत, ती लवकर जाऊन बघ. तिथे रोहिंग्या बायकांकडून गोळा केलेली बडबडगाणी म्हणतात, घरच्या पद्धतीची नक्षी भिंतींवर काढतात, आयांनी शिवलेली खेळणी असतात. अगदी तान्ह्यांसाठी तर आयांचे छोटे गट एखाद्या झोपडीत जमतात. चार जणी एकत्र बसून गाणं म्हणतात तेव्हा मूल खेळतं आणि आईचाही एकटेपणा सुटतो. तू तिथे शिकवायला लागू नकोस, तू गाणी शिकून घे.

दुभाषी बाईच हवी आणि ती त्या घरातली नातेवाईक नको, एवढं आग्रहाने मागून घे. चितगावची बोली त्यांच्या बोलीच्या जवळची आहे, पण मनातलं बोलायला तेवढं पुरत नाही.

एखादी जीव नकोसा झालाय म्हणाली, बाळाला पाजायचंच थांबली, किंवा मूल हाकेला ओ देईनासं झालं, नजर देईनासं झालं, तर एकटीने ओढत बसू नकोस. त्याच दिवशी वरच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला कळव. तिला आधी सांगून कळव, पाठीमागून नाही.

आणि तुझं काय? रोज एवढं ऐकल्यावर तुला दर आठवड्याला कुणाशी बोलता येणार आहे, हे रुजू होण्याआधी संस्थेला विचार. सोय नसेल तर करून मागायला लाजू नकोस. रविवारी रात्री मी मोकळी असतेच. तिकडच्या बायकांच्या कहाण्या मला सांगू नकोस, त्या तिथेच राहू देत. तू जेवलीस का, झोपलीस का, तेवढं सांग.