गाळ्यामागे कोण आहे ते पाहा

प्रश्न : आम्ही मनोरीला राहतो. हस्तकलेच्या प्रदर्शनासाठी मुंबईत जायचे तर अख्खा दिवस मोडतो. काळा घोडा महोत्सव की महालक्ष्मी सरस, कुठे जावे?

उत्तर : तरीने मार्वे, बसने मालाड, पुढे लोकल एवढा खटाटोप करायचा, तर जाहिरातीपेक्षा गाळ्यामागे कारागीर आहे की व्यापारी, हे पाहावे. या कसोटीवर माझे मत ‘सरस’ला. ग्रामीण महिला बचत गटांसाठीच्या या प्रदर्शनात वस्तू करणाऱ्या गटाचीच बाई बहुधा विकायला बसते, त्यामुळे खोलात जाऊन विचारता येते. पैठणीचा पदर उलटून पाहा : अस्सल हातमागाची नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखी दिसते, यंत्रमागाच्या पदरामागे बहुतेकदा सुटे धागे असतात. वारली चित्रातल्या आकृत्या तंतोतंत सारख्या असतील, तर छपाई समजावी.

१९९९ पासून भरणाऱ्या काळा घोड्यात नाच-गाणी, नाटके असतात, रंगत तिथेच जास्त, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. मुले सोबत असतील आणि खरेदी दुय्यम असेल, तर तिथेच जा. हाताची वस्तू महाग पडते, हा दुसरा आक्षेप. पण त्या किमतीत कित्येक दिवसांची मजुरी असते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नक्कल थांबलेली नाही. म्हणून स्वस्ताईच्या मोहापेक्षा चार प्रश्न विचारणे फायद्याचे. तारखा आणि जागा मात्र निघण्यापूर्वी तपासा, आणि परतीच्या तरीची वेळही.