किनाऱ्याचे प्रश्न आणि पदवीस्तरावरील संशोधन : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा धडा

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु या पाच प्रवाहांच्या परिसरातील हे स्थान म्हणून त्यास हे नाव मिळाले. संगीताचे उपासक या गावाला संत त्यागराजांच्या समाधीमुळे ओळखतात. मराठी वाचकांना ते तंजावरच्या भोसले राजघराण्याच्या मुलखातले गाव म्हणून परिचित असते. येथून समुद्र दिसत नाही. किनाऱ्याच्या प्रश्नांची चर्चा अशा गावापासून सुरू करणे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु त्रिभुज प्रदेशात किनारा म्हणजे नदीचे शेवटचे टोक असते आणि त्या टोकाला काय घडेल हे बऱ्याच अंशी वरच्या अंगाला ठरते. वेण्णारुच्या शाखा तिरुवारूर व नागपट्टिणम जिल्ह्यांतून वाहत समुद्राला मिळतात. त्यांत पाणी किती आले आणि कधी आले, यावर शेवटच्या गावातील भातशेती, विहिरी, खारफुटी आणि मासळी ही चारही अवलंबून राहतात.

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे पदवीचे विद्यार्थी अशा प्रश्नांच्या अभ्यासात खरोखर काही भर घालू शकतात काय, आणि त्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पदवीस्तरावरील संशोधनाची चौकट

संशोधन हे पदव्युत्तर शिक्षणानंतरच करावयाचे असते, ही आपल्याकडील जुनी समजूत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सहभागी करून घेणारा कार्यक्रम सुरू केला व पुढे तो अनेक विद्यापीठांनी उचलला. भारतात १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना (ती २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली), विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा हे त्या दिशेचे प्रयत्न होत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची नवी श्रेयांक चौकट जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीस १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक, आणि चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' निवडणाऱ्यास १२ श्रेयांकांचा प्रबंध, अशी तिची रचना आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांनाच हा मार्ग खुला आहे. शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राज्यांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. तामिळनाडू शासनाने या धोरणास विरोध दर्शविला आहे. महाराष्ट्रात मात्र त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे.

मत्स्यविज्ञानाची पदवी पूर्वीपासूनच चार वर्षांची असून तीत ग्रामीण कार्यानुभवाचा समावेश असतो. नागपट्टिणम येथील मत्स्यविज्ञान विद्यापीठ (स्थापना २०१२) आणि रत्नागिरीजवळील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांचे विद्यार्थी त्यामुळे कोळीवस्तीत प्रत्यक्ष राहून आलेले असतात. अर्थशास्त्राच्या, भूगोलाच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही संधी सहसा मिळत नाही.

विहिरीच्या पाण्याचा हिशेब

कावेरी पाणी तंटा लवादाने २००७ च्या अंतिम निवाड्यात खोऱ्यातील उपलब्ध पाणी ७४० टीएमसी, म्हणजे ७४० अब्ज घनफूट, धरले. त्यातून तामिळनाडूस ४१९, कर्नाटकास २७०, केरळास ३० व पुदुच्चेरीस ७ टीएमसी देण्यात आले. ही बेरीज ७२६ होते. उरलेल्या १४ पैकी १० टीएमसी पर्यावरणासाठी आणि ४ टीएमसी समुद्रात अटळपणे वाहून जाणारे म्हणून राखून ठेवले गेले. 'समुद्रात जाणारे पाणी वाया जाते' हे वाक्य निवडणुकीच्या सभांपासून अभियंत्यांच्या अहवालांपर्यंत सर्वत्र आढळते. नदीमुखातील कोळंबीची पिले, खारफुटी आणि किनाऱ्यालगतचे गोडे भूजल यांच्या दृष्टीने ते वाक्य चुकीचे आहे. फक्त त्याची किंमत कोणी हिशेबात धरलेली नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी या वाटपात बदल करून तामिळनाडूचा वाटा ४०४.२५ टीएमसी व कर्नाटकाचा २८४.७५ टीएमसी केला. कर्नाटकास वाढवून दिलेल्या १४.७५ टीएमसीपैकी १० टीएमसीचा आधार असा, की तामिळनाडूच्या त्रिभुज प्रदेशात भूजल उपलब्ध आहे आणि त्यातील किमान तेवढे हिशेबात धरणे योग्य होईल. परीक्षार्थींनी हा तपशील विशेष लक्षात ठेवावा, कारण येथे विहिरीच्या पाण्याची गुणवत्ता हा आंतरराज्यीय वाटपाशी जोडलेला विषय बनतो. तिरुवैयारुच्या विहिरीतील एक घागर आणि वेदारण्यमजवळच्या विहिरीतील एक घागर ही घनफुटांत सारखीच भरतात. पिण्यास आणि भाताला ती सारखी नसतात.

किनाऱ्यालगत गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन-हर्झबर्ग यांच्या नियमानुसार भूजल समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी सापडावे. याचा उलट अर्थ असा, की उपशामुळे पातळी एक मीटरने खाली गेली तर खाऱ्या पाण्याची सीमा सैद्धान्तिकदृष्ट्या ४० मीटर वर सरकते. प्रत्यक्षात मातीचे थर हे गणित बदलतात; पण दिशा तीच राहते. भातपिकाचे उत्पन्न मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला सुमारे ३ डेसीसायमनच्या पुढे गेली की घटू लागते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते.

ही वाहकता मोजणारे हातात मावणारे यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेस परवडते आणि ते वापरण्यास एका दुपारचे प्रशिक्षण पुरते. प्रघातानुसार १२ जून रोजी मेट्टूर धरणाचे पाणी सोडले जाते, त्यापूर्वी एकदा, कुरुवै पीक उभे असताना एकदा आणि ईशान्य मोसमी पावसानंतर एकदा, अशा तीन वेळा ठरलेल्या ४० विहिरींचे पाणी तपासणे हे पदवीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. शासकीय निरीक्षण विहिरींचे जाळे विरळ असते. दोन निरीक्षण विहिरींच्या मधल्या गावात काय चालले आहे, हे अशा मोजणीतूनच कळते. आशियाई विकास बँकेने २०१६ मध्ये वेण्णारु उपखोऱ्यातील कामांसाठी १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. कालव्यांची दुरुस्ती आणि नदीच्या शेवटच्या टोकाला भरतीचे पाणी अडविणारे दरवाजे ही त्यातील प्रमुख कामे होत. कोकणातील खारबंदिस्तीची उघाडी जे काम करते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर करावयाचे आहे. त्या दरवाजांमुळे आतल्या विहिरी गोड झाल्या किंवा कसे, याचे उत्तर केवळ बांधकामाच्या खर्चावरून मिळणार नाही. दरवाजापूर्वीची आणि नंतरची मोजणी हाती असेल तरच ते मिळेल.

अठरा वस्त्या आणि एक वाद

दिनांक २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर किनाऱ्याच्या उत्तर भागात, परंगीपेट्टैच्या सागरी जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी १८ किनारी वस्त्यांची माहिती गोळा करून २००५ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की ज्या वस्त्यांपुढे खारफुटी व अन्य वनस्पती होत्या तेथे जीवितहानी कमी झाली. पिचावरमच्या खारफुटीमागील गावांबाबतही त्याच वर्षी अन्य अभ्यासकांनी तसेच मत मांडले. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच १८ वस्त्यांच्या आकडेवारीचे पुन्हा विश्लेषण केले. त्यांच्या मते मृत्यूंतील फरकाचा बहुतांश भाग वस्तीचे समुद्रापासूनचे अंतर आणि जमिनीची उंची या दोन गोष्टींनीच स्पष्ट होत होता. ती सारखी धरल्यावर वनस्पतींचा वेगळा प्रभाव जवळजवळ उरत नव्हता.

संख्याशास्त्रात यास संभ्रमकारी चल म्हणतात. खारफुटी खाडीच्या आतल्या भागात वाढते, म्हणून तिच्यामागील गाव आपोआपच समुद्रापासून दूर असते. गाव वाचले ते झाडांमुळे की अंतरामुळे, हे नुसत्या तुलनेने सांगता येत नाही. याचा अर्थ खारफुटी निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. वादळी लाटांची शक्ती कमी करणे, गाळ धरून ठेवणे आणि मत्स्यबीजास आसरा देणे ही तिची कार्ये स्वतंत्रपणे सिद्ध झालेली आहेत. पण कोळी कुटुंबाने कोठे राहावे आणि पुनर्वसनाचा पैसा झाडांवर खर्चावा की उंचावरील घरांवर, हा निर्णय या दोन विश्लेषणांच्या मधल्या फटीत अडकतो. अवघ्या १८ ओळींचा हा तक्ता पदवीच्या वर्गात वहीवर सोडविता येईल एवढा लहान आहे. पाठ्यपुस्तकातील काल्पनिक उदाहरणांऐवजी तो शिकविला जावा.

कोळंबी, नारळ आणि समुद्रगाय

एकाच्या व्यवसायाचा खर्च दुसऱ्याच्या शेतावर पडतो, तेव्हा अर्थशास्त्र त्यास बाह्य परिणाम म्हणते. नव्वदच्या दशकात या किनाऱ्यावर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली आणि त्यांतील खारे पाणी शेजारच्या भाताच्या खाचरांत व पिण्याच्या विहिरींत झिरपू लागले. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निर्णय देताना किनारा नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांना मनाई केली. पारंपरिक पद्धतीची तळी वगळली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या लाभ-हानीच्या अभ्यासाचा त्या निर्णयात आधार घेतला गेला. पुढे २००५ च्या कायद्याने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण स्थापन होऊन नोंदणीची पद्धत आली आणि २०२३ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली. एका तळ्याभोवतीच्या शेतांचे उत्पन्न अंतरानुसार कसे बदलते, हे मोजणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सहज शक्य आहे. तळ्याचा मालक आणि शेजारचा कूळ या दोघांनाही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारण्याचे धैर्य मात्र लागते.

'गज' चक्रीवादळ १६ नोव्हेंबर २०१८ रोजी नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टै व पेरावुरणी भागातील नारळाच्या बागा त्यात आडव्या झाल्या. नवे झाड फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. त्या मधल्या काळात कुटुंबे कशावर जगली, याची नोंद नुकसानभरपाईच्या कागदांत सापडत नाही. याच तंजावर जिल्ह्याच्या समुद्रात, पाल्कच्या उपसागरात, २०२२ मध्ये सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगाय संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. किनाऱ्यावर तेथे दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेला मनोरा उभा आहे. समुद्रगाय समुद्रगवतावर जगते आणि मच्छीमारांच्या जाळ्यात चुकून अडकते. म्हणून कोणते जाळे कोणत्या हंगामात कोठे टाकले जाते ही माहिती तिच्या रक्षणास लागते. ती मच्छीमारांकडेच असते.

एका वर्षाचा प्रबंध, अनेक वर्षांचा प्रश्न

येथे या सर्व कार्यक्रमांतील मुख्य अडचण पुढे येते. विद्यार्थ्याचे संशोधन एका वर्षाचे असते. क्षारतेचा, वाळू सरकण्याचा किंवा मासळी घटण्याचा प्रश्न दहा-वीस वर्षांचा असतो. एका वर्षीच्या ४० विहिरींवरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण ते वर्ष कोरडे असू शकते. त्याच ४० विहिरी दहा वर्षे, दहा वेगवेगळ्या तुकड्यांनी, त्याच पद्धतीने मोजल्या तर ती आकडेवारी कोणत्याही शासकीय विभागास उपयोगी पडेल. दरवर्षी नवा विषय निवडण्याची विद्यापीठांतील प्रथा नेमकी याच्या आड येते. 'विषय पूर्वी झालेला आहे' हे कारण देऊन प्रबंधाचा प्रस्ताव परत पाठविला जातो. किनारी अभ्यासात विषय पूर्वी झालेला असणे हाच त्याचा गुण मानावयास हवा. प्रश्न महाविद्यालयाच्या मालकीचा असावा. विद्यार्थ्याने त्यातील आपल्या वर्षाचे काम करावे.

७५ टक्के गुणांच्या अटीविषयीही फेरविचार आवश्यक वाटतो. भरती-ओहोटीच्या वेळा, जाळ्यांचे प्रकार आणि वस्तीतील माणसे ज्याला ठाऊक आहेत, तो मच्छीमाराचा मुलगा पहाटे वडिलांबरोबर होडीवर जात असल्याने बहुधा ६० टक्क्यांवर थांबलेला असतो. क्षेत्रकार्यात त्याच्याइतका उपयोगी सहकारी दुसरा नाही.

गावाला काय परत मिळते, हाही प्रश्न आहे. त्सुनामीनंतर या किनाऱ्यावर प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. लोकांनी उत्तरे दिली; अहवाल बहुतेक इंग्रजीत झाले. विद्यार्थ्याने मोजलेला विहिरीचा आकडा त्या घरच्या गृहिणीस तिच्या भाषेत, त्याच आठवड्यात सांगणे यास खर्च येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सामाजिक सहभागाच्या अभ्यासक्रमास दोन श्रेयांक आहेतच. ते या कामाशी जोडता येतील.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या खाड्यांवर हीच पद्धत लागू पडते. खारभूमी विकास कायदा १९७९ चा आहे, पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि फुटलेले बांध, पडीक झालेली खाजणे आणि त्यांत वाढलेले कांदळवन गावोगाव पाहावयास मिळते. बांध फुटल्यावर भात गेले आणि कांदळवन आले, तर गावाचा निव्वळ लाभ झाला की तोटा, आणि तो गावातील कोणाचा, याचे उत्तर गावागणिक वेगळे येईल. त्यासाठी सातबारा, पीकपाहणीची नोंद, वाहकता मोजणारे यंत्र आणि खाडीकाठच्या महाविद्यालयातील एक जाड नोंदवही एवढी सामग्री लागते. ती वही विभागाच्या कपाटात राहावी; प्रबंधाबरोबर ती विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये.