मारुती आणि संगणकाचे फलक
गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्याला की कमरेला, यावरून दुकानदार माल हलवतात. नदी दुकानोदुकानी निरोप धाडत नाही!

समजा, पुरासाठी आपण संगणकाची आज्ञावली लिहिली. पडद्यावर एका फलकात पातळीचा आकडा भरायचा, दुसऱ्यात आलेख उमटायचा. पहिला फलक थेट दुसऱ्याला आज्ञा देऊ लागला, तर उद्या धोक्याच्या इशाऱ्याचा तिसरा फलक जोडताना पहिल्यातच दुरुस्ती करावी लागेल. ती राहून गेली, तर इशारा गप्प! म्हणून आकडा मधल्या स्वतंत्र घटकाकडे ठेवावा. इतर फलकांनी तेथे नाव नोंदवावे. आकडा बदलताच तो सर्वांना कळवतो. (मारुती स्वतः हाक मारत नाही, एवढाच फरक.) माहिती आणि फलक वेगळे ठेवण्याची ही रीत १९७९ मध्ये नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मांडली. आता तिसरा फलक खुशाल जोडा. पहिल्यातील एक ओळही बदलावी लागणार नाही.