बोट न उचलता लिहायचे कानमंत्र

पोरी, नांदेड-हिंगोली गाडीत आखाडा बाळापूर येईपर्यंत तू एकेक अक्षर ठोकत बसतेस आणि निरोप अर्धाच राहतो, म्हणून हे लिहून देते. अक्षरांवरून बोट सरकवत लिहायला शीक. सुरुवातीला अडखळशील, मग बोट आपसूक वळतं.

१. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ग्लाइड टायपिंग चालू कर आणि मराठीसाठी इंग्रजी अक्षरांचा कीबोर्ड घे — ती अक्षरं कुठं आहेत हे तुझ्या बोटांना आधीच पाठ आहे.

२. पहिल्या अक्षरावर बोट नीट टेकव, शेवटच्यावर नीट उचल — मधे थोडं इकडंतिकडं झालं तर फोन सांभाळून घेतो. टोकं धरली की मधलं सुटत नाही.

३. अक्षरं मोजू नको, शब्दाची रेघ ध्यानात ठेव — फोन त्या रेघेच्या आकारावरूनच शब्द ओळखतो. शुमिन झाई आणि पेर ओला क्रिस्टेन्सन या संशोधकांनी 2004 सालीच हे दाखवून दिलं होतं. आपली हळदच घे: एच, ए, एल, ए, डी, सगळी मधल्या ओळीत. एचवरून डावीकडं थेट एपर्यंत जा, तिथून उजव्या टोकाला एलवर, परत एवर आणि मग डीवर थांब. वळताना ठाम वळ; वाटेत लागणाऱ्या बाकीच्या अक्षरांना भिऊ नको.

४. तो, ती, तू हे तीन शब्द मात्र ठोकूनच लिही — तिन्ही टीवरून निघतात आणि यू, आय, ओ वरच्या ओळीत एकमेकांना खेटून बसलेत. ‘ती आजारी आहे’चं ‘तो आजारी आहे’ झालं, की भलत्याच घरी फोन जातात.

५. शब्द झाला की बोट उचल, स्पेस देऊ नको — पुढचा शब्द सुरू केलास की ती आपोआप पडते.

६. भलताच शब्द उमटला तर आधी वरच्या पट्टीत बघ — बरोबर शब्द बहुतेकदा तिथंच असतो. नसेल तर लगेच एकदा बॅकस्पेस दाब, अख्खा शब्द जातो.

७. वारंगा, डोंगरकडा, कळमनुरी, घरच्यांची लाडकी नावं, हे सगळं फोनच्या शब्दकोशात एकदा घालून ठेव — त्याला ठाऊक नसलेला शब्द रेघेतून निघत नाही.

८. आकडे आणि पासवर्ड एकेक करूनच टाक. वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव बाबांना कळवताना तर आकडा टाकून झाल्यावर तोंडानं वाच — एक शून्य कमी पडलं तर माल विकायचा की ठेवायचा, हा हिशेबच फिरतो.

९. हळद शिजवायच्या दिवसांत हात आणि काच दोन्ही कोरडी पुसून घे — ओल्या, चिकट बोटाखाली रेघ मधेच तुटते आणि अर्ध्याच शब्दाचा भलता शब्द होतो.

१०. पाठवण्याआधी एकदा वाच, घाईत असलीस तर नक्कीच — वाचून सोडलेल्या निरोपाला माफीची पुरवणी लागत नाही.

११. सरावाला मोठा मजकूर नको, रोज मला एक ओळ पाठव, जेवलीस का तेवढं कळव. चुकलेलं मी समजून घेईन.