नावे, जमा आणि एआय एजंट

माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायला हवा, कारण माझ्या प्रोजेक्टमध्ये जो घोटाळा झाला तो मराठी नीट न कळल्यामुळेच झाला!

माझ्या मामांचं आपल्याच जिल्ह्यात कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जातं आणि दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन, कापूस विकला की पैसे येतात. सगळा हिशोब एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. मी ठरवलं, की मामांनी मोबाईलवर साध्या मराठीत विचारावं, “अमक्याकडे बाकी किती?” आणि एआय एजंटने हिशोबातून शोधून उत्तर द्यावं.

पुष्कळांना वाटतं की एजंट स्वतःच डेटाबेसमध्ये शिरून सगळं वाचतो. तसं नसतं. आपण छोटी छोटी फंक्शन्स लिहून द्यायची, त्यांना टूल म्हणतात. टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागते, एवढंच लँग्वेज मॉडेलपुढे ठेवलं जातं. ते वाचून मॉडेल टूल निवडतं, रिकाम्या जागा भरतं. टूल चालवतो आपला प्रोग्रॅम, आणि उत्तर परत मॉडेलकडे जातं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुलं स्टँडर्ड दिलं. दोन्हीकडे गोष्ट तीच. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही, दिसतं ते फक्त आपण लिहिलेलं वर्णन.

आणि मी काय लिहिलं होतं? ‘सर्व खात्यांचे आकडे देते. जमा म्हणजे जमलेली उधारी.’ संपलं! कोडसाठी तीन रात्री जागले, वर्णनाला अर्धं मिनिट. दुसरा कॉलम ‘नावे’ होता. त्याबद्दल लिहिलंच नाही, कारण मला वाटलं ती माणसांची नावं असतील. उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

डेमोच्या दिवशी मामांनी विचारलं, “सगळ्यात जास्त बाकी कोणाकडे?” एजंटने झटकन दहा जणांची यादी दिली, आकड्यांसकट, अगदी अदबीने. मामा खूश. म्हणाले, आजच सगळ्यांना मेसेज टाकू. तेवढ्यात दिवाणजी काकांनी यादी हातात घेतली आणि पहिलंच नाव वाचून चष्मा काढला. त्या शेतकऱ्याने पंधरा दिवसांपूर्वी कापूस विकून पै न पै चुकती केली होती. यादीतले बहुतेक जण दुकानाचे सगळ्यात चोख गिऱ्हाईक निघाले! पैसे फेडून बसलेल्या माणसाला उधारीचा तगादा गेला असता, तर गावात त्याची काय शोभा झाली असती?

काका मला म्हणाले, “त्यानं नेलं ते नावे, त्यानं देल्लं ते जमा. एवढंबी कालेजात शिकवत नाहीत काय व पोरी?”

कोडमध्ये एकही चूक नव्हती, हे मुद्दाम सांगते.

मग दोन दिवस काकांजवळ बसून वर्णनं नव्याने लिहिली. बाकीच्या टूलचं आता असं आहे: ‘एका खात्याची आजची बाकी रुपयांत देते. बाकी म्हणजे नावे वजा जमा. आकडा शून्याच्या वर असेल तर शेतकऱ्याकडून येणं, खाली असेल तर दुकानाकडून त्याचं देणं. खाते क्रमांक आवश्यक. फक्त नाव माहीत असेल तर आधी खाते शोधण्याचं टूल वापरा. एकाच नावाची दोन खाती निघाली तर गाव विचारा, अंदाज करू नका.’ शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोघे असणं आपल्याकडे नवीन नाही. (तेव्हा वडिलांचं नावही विचारायला सांगितलंय.)

खताची गंमत वेगळीच. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची आहे, डीएपीची मात्र ५० ची. टूल नुसतं ‘१२’ देत होतं, आणि एजंट खुशाल किलो समजत होता. आता आकड्याबरोबर ‘गोण्या’ आणि गोणीचं वजन दोन्ही येतं. तारीखही वर्ष-महिना-दिवस अशीच मागते, नाहीतर ५/६ म्हणजे ५ जून की ६ मे? आणि मामा तारीख बोलतच नाहीत, ते म्हणतात “पोळ्याआधीची उधारी”. पोळा २०२४ मध्ये २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. म्हणून सणांच्या तारखा देणारं छोटं टूल वेगळं करावं लागलं.

आणखी एक. ‘खातं सापडलं नाही’ आणि ‘बाकी शून्य’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आधी दोन्ही वेळा टूल रिकामं उत्तर देई आणि एजंट म्हणे, काही बाकी नाही! आमच्या एका सीनियरने विचारलं, की वर्णनात ‘हिशोबात बदल करू नये’ असं लिहिलंस का? लिहिलंय, पण ती झाली विनंती, कुलूप नव्हे. कुलूप डेटाबेसमध्येच लावलंय. एजंटच्या युजरला फक्त वाचायची परवानगी आहे.

मामा रोज विचारतात तसे पंचवीस प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. वर्णनातला एक शब्द बदलला तरी सगळे पुन्हा विचारून बघते. वर्णनांची प्रिंट दुकानात काकांच्या गादीखाली असते. मागच्या आठवड्यात त्यांनी पेन्सिलीने त्यात ‘वळते’ हा शब्द वाढवला. भावाने भरलेले पैसे याच्या खात्यात फिरवले तर ते वळते. ते अजून टूलमध्ये घातलेलं नाही, सबमिशन झालं की बसते.